नावापुरत्या बागा



जुन्या पुण्यातील बागांवर बोलावयाचे आम्ही ठरवले, तेव्हा आमचे एक वडीलधारे स्नेही म्हणाले, ‘‘मग तुमचे व्याख्यान पाच मिनिटांत आटोपेल. बागा आहेत कोठे? तुळशीबागेत भांडी मिळतात, बेलबागेत गर्दी मिळते, विश्रामबागेत वाडा आहे आणि हिराबागेपाशी तर रस्ता ओलांडण्याची भ्रांत!’’ ही थट्टा होती, पण खोटी नव्हती. पुण्याच्या जुन्या वस्तीत ‘बाग’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो आणि त्या दहांपैकी नऊ वेळा आपल्या डोळ्यांपुढे एकही झाड नसते. नाव राहिले आणि बाग गेली, हे कसे झाले? आमच्या स्नेह्यांच्या थट्टेतच आम्हाला आमचा विषय सापडला.

या विषयाचे व्याख्यान बसून ऐकण्यापेक्षा तो पायांनी चालून पाहणे अधिक बरे. म्हणून आज आम्ही आपल्याला एक फेरफटका सांगणार आहोत. शनिवारवाड्यापासून निघावे आणि पर्वतीवर पोचावे. अंतर फार तर दीड कोस. उन्हाळ्याचे दिवस आहेत, तेव्हा पहाटे निघावे. बरोबर वाटाड्या नको. प्रत्येक ठिकाणी उभे राहून आपल्याच मनाला दोन प्रश्न विचारावे, एवढी शिदोरी पुरे. पहिला प्रश्न, येथे पाणी कोठून येत होते? आणि दुसरा, येथे आत कोणाला येता येत होते? इमारतीला हे प्रश्न विचारले नाहीत तरी चालते. बागेला मात्र विचारावेच लागतात.

शनिवारवाड्यापासून आरंभ करू. 10 जानेवारी 1730 रोजी, शनिवारी, पहिल्या बाजीरावांनी या वाड्याचा पाया घातला आणि 22 जानेवारी 1732 रोजी, तोही शनिवारच, वास्तुशांती झाली. 27 फेब्रुवारी 1828 रोजी वाड्याला आग लागली आणि आतील लाकडी इमारती जळून गेल्या. दगडी तट, बुरूज, खिळ्यांचा दिल्ली दरवाजा आणि त्यावरचा नगारखाना तेवढा उभा राहिला. ही सर्व माहिती शाळेतील मुलालाही असते. पण दिल्ली दरवाजातून आत गेल्यावर समोर काय दिसते? चौथरे, आणि त्यांच्यामधून पसरलेली हिरवळ. जेथे दिवाणखाने होते तेथे आज गवत आहे, फुलांचे वाफे आहेत, सावलीत बसलेली माणसे आहेत. म्हणजे आपल्या फेरफटक्यातील पहिली गंमत ही, की ज्याच्या नावात वाडा आहे त्या जागेची आज बाग झाली आहे.

याच हिरवळीत हजारी कारंजाचा हौद आहे. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हे कारंजे बाल सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी बांधले, असे सांगतात. कमळाची कारागिरी पाहून आपण पुढे जातो. पण येथेच आपला पहिला प्रश्न विचारावा. नदी वाड्याच्या उशाला असली तरी ती सखल जागी आहे. यंत्राचे पंप तेव्हा नव्हते. मग कारंजाचे पाणी उडत होते कशाच्या बळावर?

उत्तर शहराच्या दक्षिणेला कात्रजच्या डोंगरात आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी तेथे ओढ्याला बांध घालून तळे केले आणि जमिनीखालून चुन्याच्या बांधणीचा नळ शहरापर्यंत आणला. नळ म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे लोखंडी नळी येते. हा नळ तसा नव्हे. कित्येक ठिकाणी माणूस आत उभा राहून चालू शकेल असे ते भुयार आहे. वाटेत ठिकठिकाणी वर उघडणारी धारी ठेवली आहेत. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. त्यांतून आत हवा खेळे आणि माणूस उतरून गाळ काढू शके. कात्रज उंचावर, शहर खाली. तेव्हा पाणी आपल्याच उताराने चालत येई आणि त्या उंचीचाच जोर कारंजाला मिळे. या योजनेत ना बैल होता, ना मोट. उताराचा हिशेब तेवढा चोख होता.

हे पाणी केवळ कारंजासाठी नव्हते. वाटेतील पेठांत हौद बांधून त्यांत ते सोडलेले होते. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, साततोटी हौद, फडके हौद ही नावे आपल्यातील कित्येकांच्या पत्त्यात आहेत. पेशव्यांच्या वाड्यात उडणारे पाणी आणि पेठेतील बाईच्या हंड्यात पडणारे पाणी एकाच पोटातून येत होते, ही पुण्याच्या रचनेतील मोठी गोष्ट होय.

पण आता दुसरा प्रश्न विचारावा, म्हणजे या गोष्टीची दुसरी बाजू दिसेल. हौद सर्वांचे होते काय? नव्हते. ज्यांना समाजाने अस्पृश्य मानले होते त्यांना त्या पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती. म्हणून 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. आमची विनंती अशी, की एखाद्या दिवशी वाट वाकडी करून तो हौद अवश्य पाहावा. हजारी कारंजासारखी त्याला पाकळ्यांची शोभा नाही. परंतु पुण्याच्या पाण्याचा इतिहास सांगताना एक हौद दाखवून दुसरा झाकून ठेवता येणार नाही.

वाड्यातून बाहेर पडून शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागले, की लक्ष्मी रस्त्याच्या तोंडाशी बेलबाग येते. विसर्जनाच्या दिवशी ज्या चौकाकडे साऱ्या शहराचे डोळे लागलेले असतात, तोच हा बेलबाग चौक. रस्त्यावरून आत काय आहे याची कल्पनाही येत नाही. आत नाना फडणीसांनी बांधलेले मंदिर आहे. काम 1765 मध्ये सुरू झाले आणि 1769 मध्ये पुरे झाले. नावात बेल, म्हणजे शंकराचे झाड. आणि मुख्य गाभाऱ्यात मात्र विष्णू! झाडांचे नाव जागेला पडते आणि मागाहून येणाऱ्या देवालाही ते बदलता येत नाही.

तेथून थोडे पुढे तुळशीबाग. नारो आप्पाजी खिरे हे पेशवाईतील पुण्याचे सुभेदार. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी येथे रामाचे मंदिर उभारले. जागेचे नाव त्यांना असे चिकटले, की त्यांचे घराणे पुढे तुळशीबागवाले म्हणून ओळखले जाऊ लागले. बाग नाहीशी झाली, पण एका घराण्याचे आडनाव होऊन राहिली. आज आपण तेथे जातो ते कुंकवाचे करंडे, पूजेची उपकरणी, भातुकलीची भांडी घ्यायला. त्याबद्दल नाक मुरडण्याचे काही कारण नाही. देवळाच्या आवारात बाजार भरणे आपल्याकडे जुनेच आहे. फक्त पुढच्या वेळी एक करावे. खरेदी झाल्यावर पिशवी हातात घेऊन सभामंडपात दोन घटका बसावे. बाहेरचा गलबला आत येता येता मंद होतो. मोकळ्या आवाराचे आणि शांततेचे हे जे देणे आहे, ते देवळाने बागेकडून वारशाने घेतले असावे, असे आम्हाला वाटते.

बेल आणि तुळस, ही नावे ध्यानात घ्या. बादशाही बागांची नावे ऐश्वर्याची असतात. पुण्याच्या या दोन बागांची नावे मात्र पूजेच्या तबकातली आहेत.

तुळशीबागेच्या पश्चिमेच्या अंगाने बाजीराव रस्त्यावर आले, की समोर विश्रामबाग वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दुसऱ्या बाजीरावांनी तो बांधला. त्यांच्या राज्याला पुढे दहा-बारा वर्षेच उरली होती. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली, 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि विश्रामबागेतला विश्राम संपला. 1821 मध्ये याच वाड्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा सुरू केली. 1879 च्या आगीत बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागेचाही काही भाग गेला. पुढे तो दुरुस्त झाला आणि पुण्याच्या नगरपालिकेची कचेरीही काही काळ येथेच होती.

येथे बाग कोठे शोधावी? रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहावे आणि दर्शनी भागाचे लाकूडकाम नीट निरखावे. ते खांब साधे खांब नाहीत. खाली किंचित फुगीर आणि वर निमुळता होत गेलेला हा आकार सुरूच्या झाडाचा आहे. पेशवाईतील सुतारांनी हा सुरूचा खांब उत्तरेकडील मोगली बांधणीतून घेतला. मोगल बागांत पाण्याच्या पाटाच्या दुतर्फा सुरू लावण्याची चाल होती. आणि खांबांच्या माथ्याकडे पाहावे. कमानींच्या सांध्यातून जे लोंबते ते केळफूल आहे. ते मात्र उत्तरेचे नव्हे. ते आपल्या परसातले, कोकणातून वर आलेल्या माणसांच्या डोळ्यांतले! सुरू मोगलांचा, केळफूल आपले, आणि दोन्ही एकाच खांबावर नांदत आहेत. जमिनीवरची बाग वाळली असेल. सुतारांनी लाकडात लावलेली ही बाग आजही वाचता येते. आपण या खांबांवरून रोज जातो आणि त्यांत झाड आहे हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. या खांबांसाठीच आमचा हा सारा खटाटोप आहे असे समजा. कारण जुन्या पेठांतील वाडे एकामागून एक उतरत आहेत. वाडा उतरतो तेव्हा लाकूड विकले जाते. जो खांब आपण कधी पाहिलाच नाही, तो गेल्याचे दुःख आपल्याला कसे होणार?

बाजीराव रस्त्याने सरळ दक्षिणेला गेले, की हिराबाग. 1755 च्या सुमारास नानासाहेबांनी ही बाग आणि तीतील बंगला तळ्याच्या काठी उभारला. तळ्याच्या म्हणजे कोणत्या, ते पुढे सांगतो. परदेशी पाहुणे आले, की त्यांची सरबराई या बागेत होत असे. 1804 मध्ये पुण्यास आलेल्या लॉर्ड व्हॅलेन्शियाला पेशव्यांनी येथेच मेजवानी दिली. पेशवाई गेल्यावर हिराबागेचा टाऊन हॉल झाला आणि ज्या जागी पेशव्यांचे पाहुणे बसत तेथे शहरातील माणसे सभांना जमू लागली. पुण्याच्या सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात हे नाव म्हणूनच वारंवार येते. बाग म्हणून हिराबाग गेली, पण तिचे दार उघडले, हे विसरू नये.

आता ते तळे. हिराबागेकडून पर्वतीच्या पायथ्याशी गेले, की सारसबाग लागते. साऱ्या फेरफटक्यात जी एकच बाग आज खरोखर बाग आहे, ती ही. आणि गंमत पाहा, ही बाग म्हणजे मुळात तळे होते! आंबील ओढ्याचे पाणी अडवून नानासाहेबांनी येथे विस्तीर्ण तळे केले आणि त्याच्या मध्ये एक बेट राखले. त्या बेटावर बाग लावली, तीच मूळची सारसबाग. 1784 मध्ये सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत त्या बेटावर गणपतीची स्थापना झाली. म्हणून वडीलधारी माणसे आजही त्याला ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. विसाव्या शतकात तळे हटले आणि त्या खोलगट जागी महानगरपालिकेने उद्यान केले. शेजारीच 1953 मध्ये पेशवे उद्यान सुरू झाले. आपल्यातील कित्येकांनी जन्मातला पहिला वाघ तेथेच पाहिला असेल.

आतापर्यंतचा हिशेब मांडू. वाड्याची बाग झाली. बागांची देवळे, बाजार, वाडे आणि सभागृहे झाली. तळ्याची बाग झाली. या उलथापालथीतून काही बोध निघतो काय?

आम्हाला जो दिसतो तो असा. इमारत आणि बाग यांच्या मरणात मोठा फरक आहे. शनिवारवाडा जळाल्याची तारीख आपल्याला ठाऊक आहे. पण बेलबागेतले शेवटचे बेलाचे झाड कधी पडले, तुळशीबागेतील शेवटचा वाफा कोणत्या उन्हाळ्यात करपला, याची नोंद कोठेच केलेली नाही. बाग एका दिवसात मरत नाही. माळ्याचा पगार थांबतो, पाटातला गाळ कोणी उपसत नाही, एक आळे कोरडे पडते, तेथे एक ओसरी वाढते, मग एक दुकान. दगडी भिंत शंभर वर्षे दुर्लक्ष सोसते. झाड एका वैशाखाचेही दुर्लक्ष सोसत नाही. बागेला रोज कोणीतरी लागतो. या बागा ज्यांच्या होत्या ते धनी 1818 मध्ये गेले. त्यांच्याबरोबर तो ‘रोजचा कोणीतरी’ही गेला. शहराने देवळे आपली मानली, म्हणून देवळे राहिली. बाजार आपला मानला, म्हणून बाजार राहिला. बागा मात्र धन्याच्या होत्या, शहराच्या झालेल्याच नव्हत्या. आणि जी एक जागा शहराने आपली म्हणून हाती घेतली, त्या सारसबागेत आज संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

आमचा दुसरा प्रश्न, आत कोणाला येता येत होते, तो याचसाठी होता. तो प्रश्न घेऊनच शेवटी पर्वती चढावी. शंभरावर पायऱ्या आहेत. चढताना बोलू नये. माथ्यावरचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेबांनी 1749 मध्ये बांधले आणि पानिपताच्या घावाने खचलेल्या याच नानासाहेबांनी 23 जून 1761 रोजी येथेच देह ठेवला. त्यांच्या निधनाची हकिगत आपण मुलांना सांगतो. 13 ऑक्टोबर 1929 ची हकिगतही सांगावी. त्या दिवशी अस्पृश्य मानलेल्या बांधवांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही मंडळी त्यात होती. सत्याग्रहींना या पायऱ्यांवर दगड खावे लागले. आपण दम खायला ज्या पायरीवर बसतो, तिच्यावर या दोन्ही गोष्टींचे ओझे आहे. एकच सांगायची आणि दुसरी गिळायची, याला इतिहासप्रेम म्हणता येणार नाही.

वर पोचल्यावर कठड्याशी उभे राहून आधी उत्तरेकडे पाहावे. आपण चाललो ती सारी वाट खाली दिसते. दाट वस्तीत सारसबागेचा हिरवा चौकोन सहज ओळखू येतो. मग पाठ फिरवून दक्षिणेकडे पाहावे. तिकडे कात्रजचे डोंगर आहेत. तेथूनच ते पाणी आले, ज्याने हौद भरले आणि कारंजे उडवले. पुढे 1879 च्या सुमारास खडकवासल्याचे धरण झाले, घरोघर नळ आले, आणि पेठेतल्या हौदाशी घागर घेऊन जाण्याचे हळूहळू थांबले. फडके हौदाचे तर आता चौकाला नावच उरले आहे. म्हणजे बागेसारखीच हौदांचीही गत झाली.

पण पाणी माणसासारखे विसराळू नसते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, लोकांच्या घरांत पाणी शिरले आणि अनेकांचे प्राण गेले. ज्या ओढ्याला एके काळी तळे होते, पसरायला जागा होती, तो आपण दोन्ही काठांनी आवळत आणला होता. त्याने आपली जुनी वाट अंधारात शोधली. जुन्या बागा आणि तळी यांचा अभ्यास म्हणजे निवृत्त माणसांचा फावल्या वेळचा छंद, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी त्या रात्रीची आठवण करावी. कोठे तळे होते आणि ते कोणत्या ओढ्यावर होते, हे शहराला ठाऊक असणे ही चैन नव्हे.

पेशवे उद्यानातील प्राणी 1999 मध्ये कात्रजच्या नव्या संग्रहालयात गेले. आपली मुले आता वाघ पाहायला कात्रजला जातात. जाताना त्यांना तेथले तळे दाखवावे आणि सांगावे, की तुझ्या खापरपणजीच्या हंड्यातले पाणी येथून चालत आले. मूल विचारील, ‘‘कसे आले?’’ त्या प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणून तरी एकदा ही वाट चालून यावे.

आमच्या स्नेह्यांनी विचारले होते, बागा आहेत कोठे? आम्ही त्यांना आता असे सांगू. बागा लाकडाच्या खांबांत आहेत, आडनावांत आहेत, चौकांच्या पाट्यांवर आहेत. आणि जी एक जमिनीवर आहे, ती आपल्या सर्वांची आहे म्हणून आहे. तिचा माळी महानगरपालिकेचा असला, तरी तो ‘रोजचा कोणीतरी’ आपण आहोत. आपल्या पेठेत एखादे जुने झाड असेल, एखादा कोरडा हौद असेल, सुरूचा एखादा खांब अजून उभा असेल, तर उद्या सकाळी कामावर जाताना त्याच्यापाशी क्षणभर थांबावे, बरोबरच्या मुलाला त्याचे नाव सांगावे. नाव ठाऊक असलेली वस्तू पाडताना हात थोडा तरी अडखळतो.